टाईलवरचा कोल्हा आणि कुंभाराचा जन्म

वर्धा जिल्ह्यात सध्या गावोगावी विहारांची कामे सुरू आहेत. हिंगणघाट असो, देवळी असो की आर्वी, जुने कौलारू समाजमंदिर पाडून त्या जागी स्लॅब पडतो आहे. कुठे निधी मिळाला, कुठे लोकांनी मजुरीच्या पैशातून वर्गणी काढली. भिंती उभ्या राहतात, प्लास्टर होते आणि शेवटी प्रश्न येतो टाईल्सचा. समितीच्या बैठकीत दरावर वाद होतो, रंगावर होतो, ठेकेदारावर तर होतोच होतो. टाईलवरच्या चित्रावर मात्र कुणी वाद घालत नाही. दुकानदाराने दाखवले ते घेतले जाते. आमचे म्हणणे असे की, खरा वाद तिथेच घालायला हवा.

"अहो, टाईल ती टाईल. भिंत धुता आली म्हणजे झाले," असे म्हणणारे मित्र पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा शहरातल्या कुठल्याही जुन्या इमारतीचा जिना चढून पाहावा. कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या छोट्या टाईल्स लावलेल्या असतात. पूजेसाठी नव्हे, लोकांनी थुंकू नये म्हणून. 'येथे थुंकू नये' असे लिहून थुंकणारा थांबत नाही, चार इंचांची टाईल त्याला थांबवते. म्हणजे टाईल बोलते आणि ऐकणारा ऐकतो. ज्या भिंतीपाशी आपली लेकरे रोज अभ्यासिकेला बसतात, अंगणवाडीत खिचडी खातात, ती भिंत त्यांच्याशी दहा-पंधरा वर्षे बोलत राहणार आहे. काय बोलणार, हे आपण ठरवायचे की कॅटलॉगने?

कॅटलॉगमध्ये काय असते?

देशातल्या बहुतांश सिरॅमिक टाईल्स गुजरातेतल्या मोरबीतून येतात. आता तिथे डिजिटल छपाई आहे. कोणतेही चित्र टाईलवर छापून हजार अंशांहून जास्त तापमानाला भाजले की ते रंग पुसत नाहीत, उन्हात उडत नाहीत. मुलांच्या खोलीसाठी, बालवाडीसाठी या छपाईत एक ठरलेला माल असतो, प्राण्यांच्या गोष्टींचा. ससा-कासव, माकड-मगर, सिंह आणि विहिरीत त्याला फसवणारा ससा, निळ्या रंगाच्या हौदात पडलेला कोल्हा. थोडा इसाप, बराचसा पंचतंत्र. गोंडस चित्रे, हसरे प्राणी. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या 'बोलक्या भिंतीं'वरही हेच प्राणी रंगवलेले दिसतात.

गोष्टी छान आहेत, आम्हालाही आवडतात. पण पंचतंत्र कुणासाठी रचले गेले, हे त्याच्या सुरुवातीलाच सांगितलेले आहे. राजाच्या तीन मठ्ठ मुलांना राज्यकारभाराची नीती शिकवण्यासाठी विष्णुशर्मा नावाचा ब्राह्मण त्या गोष्टी सांगतो. राजपुत्रांचा तो अभ्यासक्रम आहे. त्यात चतुराई आहे, शत्रूला फोडायच्या युक्त्या आहेत, कुणावर विश्वास ठेवावा आणि कुणावर ठेवू नये याचे धडे आहेत. आणि त्याच ओघात जन्माचे गणितही आहे.

निळा कोल्हा घ्या. रंगाच्या हौदात पडून निळा झालेला कोल्हा जंगलाचा राजा होतो, पण दुसरे कोल्हे ओरडताच त्यालाही ओरडल्याशिवाय राहवत नाही आणि तो मारला जातो. ढोंग उघडे पडते, असे आपण मुलांना सांगतो. पण गोष्टीत आणखी एक सूर आहे: खालच्याने वरच्या जागी बसू नये, रक्त बोलल्याशिवाय राहत नाही. उंदरीची गोष्ट तर आडपडदाही ठेवत नाही. ऋषी उंदरीची मुलगी करतो, वाढवतो, लग्नाला सूर्य, ढग, वारा, डोंगर असे एकाहून एक वर आणतो, पण तिला पसंत पडतो तो उंदीरच. तात्पर्य थेट जातीच्या शब्दात येते: आपली जात ओलांडता येत नाही. लहान मुलाच्या भिंतीवर हेच लिहायचे काय?

कुंभाराला दरबारातून हाकलले, ती गोष्ट

पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रातली एक गोष्ट टाईल्सच्या विषयाला अगदी जवळची आहे, कारण ती मातीचे काम करणाऱ्या माणसाची आहे. युधिष्ठिर नावाचा एक कुंभार फुटक्या खापरांवर पडतो आणि त्याच्या कपाळावर मोठा व्रण राहतो. दुष्काळात देश सोडून तो दुसऱ्या राजाकडे चाकरीला लागतो. राजा व्रण पाहतो आणि समजतो की हा मोठा लढवय्या असणार. मानसन्मान देतो. पुढे युद्धाची वेळ येते, राजा विचारतो, हा घाव कुठल्या लढाईतला? कुंभार खरे सांगतो: लढाईतला नाही, मी कुंभार आहे, खापरावर पडलो. राजाला लाज वाटते आणि तो त्याला हाकलायला सांगतो. कुंभार विनवतो, "असे करू नका, रणात माझ्या हाताची करामत तरी पाहा." राजा पाहत नाही. उलट त्याला सिंहिणीने वाढवलेल्या कोल्ह्याच्या पिल्लाची गोष्ट सांगतो. ते पिल्लू सिंहाच्या छाव्यांबरोबर वाढले, पण हत्ती दिसताच पळाले. सिंहीण त्याला जे सांगते त्याचा मथितार्थ असा की तू शूर असशील, शिकलेला असशील, दिसायलाही चांगला असशील, पण तू ज्या कुळात जन्मलास तिथे हत्ती मारत नाहीत.

मित्रांनो, ही गोष्ट नीट वाचा. कुंभार खोटे बोलला नाही. विचारल्यावर त्याने खरे सांगितले. त्याने परीक्षा मागितली. ती त्याला मिळाली नाही, कारण निकाल जन्मावर आधीच लागलेला होता. आज मेडिकल कॉलेजात, आयआयटीत, विद्यापीठांत आपल्या पोरांना "कोट्यातून आलास ना?" असे विचारणारा हाच राजा आहे. हुशार असशील, गुणही असतील, पण कुळाचे काय? दीड हजार वर्षांहून जुना हा युक्तिवाद हसऱ्या कोल्ह्याच्या चित्रातून अंगणवाडीत शिरतो आणि आपण त्याला 'मुलांच्या गोष्टी' म्हणतो.

आता दुसरा कुंभार पाहा. मज्झिम निकायात घटिकार सुत्त आहे. घटिकार हा कुंभार. आंधळ्या आईवडिलांना सांभाळणारा. तो जमीन खणत नाही, पडलेल्या दरडीची, उंदरांनी उकरलेली माती आणतो, मडकी करतो आणि लोकांना सांगतो, हवे ते न्या, धान्य ठेवून जा. त्याचा मित्र जोतिपाल ब्राह्मण. घटिकार त्याला कस्सप बुद्धांकडे चल म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो, जोतिपाल त्या 'मुंडक्या श्रमणा'ची टर उडवतो. शेवटी नदीवर नुकतेच न्हालेल्या जोतिपालाचे केस घटिकार धरतो. हलक्या जातीच्या कुंभाराने न्हालेल्या ब्राह्मणाच्या डोक्याला हात लावावा! जोतिपाल चिडत नाही, विचारात पडतो: ज्या गोष्टीसाठी हा इतके धाडस करतो, ती साधी नसणार. आणि तो जातो. पुढे काशीच्या राजाला कळते की त्याच्यापेक्षा हा कुंभार धम्माचा मोठा आधार आहे.

एका परंपरेत कुंभाराला दरबारातून हाकलले जाते. दुसऱ्या परंपरेत कुंभार ब्राह्मणाचे केस धरून त्याला ज्ञानाकडे नेतो. दोन्ही कथा या भूमीतल्याच आहेत. मातीच्या टाईलवर यातली कोणती कोरायची, हा निव्वळ सजावटीचा प्रश्न उरत नाही.

हत्ती, माकड आणि तित्तिर

प्राण्यांची गोष्टच हवी असेल तर तित्तिर जातक घ्या. एका मोठ्या वडाखाली हत्ती, माकड आणि तित्तिर राहत. कुणी कुणाला मान देत नसे. मग त्यांनी ठरवले, सगळ्यांत वडील कोण ते शोधू. हत्ती म्हणाला, मी लहान होतो तेव्हा हा वड माझ्या पोटाखाली यायचा. माकड म्हणाले, मी जमिनीवर बसून याचे शेंड्याचे कोंब खाल्ले आहेत. तित्तिर म्हणाला, पलीकडच्या वडाचे फळ मी खाल्ले, त्याचे बी माझ्या विष्ठेतून इथे पडले आणि हे झाड उगवले. मग सर्वांत लहान पाखरू सर्वांत वडील ठरले.

ही गोष्ट तथागतांनी कुठे सांगितली? विनयपिटकातल्या चुल्लवग्गात प्रसंग आहे. भिक्खूंना विचारले गेले, पहिले आसन, पहिले पाणी, पहिली भिक्षा कुणाला? काही म्हणाले, क्षत्रिय कुळातून आलेल्याला. काही म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेल्याला. तेव्हा ही गोष्ट सांगून तथागतांनी नियम घालून दिला की मान संघात आधी आलेल्याचा, जन्माचा प्रश्नच नाही. उपाली न्हाव्याला शाक्य राजकुमारांच्या आधी दीक्षा दिली गेली, म्हणजे त्यांनी त्याला वंदन करावे, हा प्रसंग याच विचाराचा. भूतान-तिबेटात हत्ती, माकड, ससा आणि पक्षी एकावर एक उभे असलेले चित्र घराघरांच्या भिंतींवर असते. आपल्या विहारात मात्र ते शोधूनही सापडत नाही.

दुसरी गोष्ट सम्मोदमान जातकाची. पारध्याचे जाळे अंगावर पडले की सगळे लावे एकदम उडत, जाळ्यासकट. पारधी रिकाम्या हाताने घरी जाई. मग एके दिवशी एका लाव्याचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडला. झाले भांडण. "जाळे काय तू एकटाच उचलतोस?" "मग तूच उचल ना!" पारधी हेच ऐकायची वाट पाहत होता. आमच्या चळवळीत किती गट, किती अध्यक्ष, एका तालुक्यात किती जयंती समित्या, हे इथे मोजायला नको. ही टाईल विहारात बैठकीच्या खोलीत, अध्यक्षांच्या खुर्चीच्या बरोबर समोर लावावी, अशी आमची शिफारस आहे.

पण जातके डोळे मिटून घ्यायची नाहीत

आपल्याच गोटातले दोन आक्षेप आम्हाला माहीत आहेत.

पहिला दावा असा की पंचतंत्र जातकांतून चोरलेले आहे. भाषणात टाळ्या मिळतात, पण मुद्दा लंगडा आहे. प्राण्यांच्या गोष्टी गुराख्यांच्या, शेतकऱ्यांच्या, आजीआजोबांच्या आहेत. त्या दोन्ही ग्रंथांपेक्षा जुन्या असणार. भरहुतच्या स्तूपावर इ.स.पू. दुसऱ्या शतकात ब्राह्मी लिपीत नावे लिहून जातके कोरली गेली. मस्तवाल हत्तीला लहान जिवांनी मिळून हरवल्याची 'लटुवा जातक' ही गोष्ट तिथे नावासकट आहे, आणि तीच गोष्ट पुढे पंचतंत्रातही येते. म्हणजे बौद्धांनी या लोककथा फार आधी दगडावर आणल्या, एवढे पक्के. एवढे पुरेसे आहे. गोष्ट कुणाची याहून महत्त्वाचे हे की तिला कोणते तात्पर्य चिकटवले.

आणि जातकांतही सगळे सोने नाही. सीहकोत्थुक जातकात सिंह आणि कोल्हीणीच्या पिल्लाचा आवाज कोल्ह्याचा निघतो, आणि बाप सांगतो, गप्प राहा, नाहीतर लोक ओळखतील. हा तोच जन्माचा सूर आहे. तो पाली भाषेत आहे म्हणून पवित्र होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रत्येक जातकाच्या शेवटी सांगितले जाते की तो हरीण, तो हत्ती म्हणजे मागच्या जन्मीचा बोधिसत्त्व. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आपल्या लोकांनी 22 प्रतिज्ञा घेतल्या. अवतार नाकारला, बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे नाकारले. मत्स्य, कूर्म, वराह नाकारून त्या जागी हरीण, हत्ती, ससा बसवायचे काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये आत्मा नाकारला आणि एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा आत्मा ही कल्पनाही नाकारली. बुद्धाचे वचन ओळखण्याची कसोटीही त्यांनी तिथेच दिली: ते बुद्धीला पटणारे असावे आणि माणसाच्या कल्याणाशी त्याचा संबंध असावा.

म्हणून आमची भूमिका साधी आहे. गोष्ट घ्यावी, पूर्वजन्माची शेपटी कापावी. टाईलवर 'बोधिसत्त्वाचा हरणाचा जन्म' असे लिहू नये. 'कळपातल्या गाभण हरिणीसाठी स्वतःचा जीव पुढे करणारा पुढारी' असे लिहावे. 547 जातकांतून दहा-बारा निवडाव्यात, बाबासाहेबांच्या कसोटीवर घासून. आणि जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीसाठी बोलताना आणखी एक भान हवे. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नको, हे संविधानाचे 28 वे कलम सांगते. शाळेत देवादिकांचे फोटो नकोत असे आपण म्हणतो, तर तिथे आपणही धर्म लावायचा नाही. तित्तिराची गोष्ट समतेची गोष्ट म्हणून लावावी.

माती कुणाची, हात कुणाचे

भिंतीवर भाजलेल्या मातीत गोष्टी सांगणे ही बौद्धांची जुनी रीत आहे. आजच्या बांगलादेशातल्या पहाडपूरच्या सोमपूर महाविहाराच्या भिंतींवर आठव्या शतकापासून मातीच्या पट्ट्या आहेत, दोन हजारांच्या आसपास. त्यांवर प्राण्यांच्या गोष्टी आहेत आणि साधी कष्टकरी माणसेही. त्यात पंचतंत्राशी जुळणारे प्रसंगही ओळखू येतात. विहार बांधणारे लोककथेला घाबरत नव्हते. म्यानमारमधल्या बागानच्या आनंद मंदिरावर बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून हिरव्या झिलईच्या टाईल्सवर जातके आहेत. आपल्या अजिंठ्यात 17 व्या लेण्याच्या भिंतींवर छद्दंत हत्ती आहे, महाकपी आहे. वाकाटकांच्या काळातले ते काम. त्याच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे धामकाठचे आपले पवनार, असे मत वा. वि. मिराशींनी मांडले होते. भंडारा जिल्ह्यात पवनीला 1969-70 च्या उत्खननात मोठा स्तूप निघाला. हा वारसा परका नाही, पायाखालचा आहे.

मग टाईल्स मोरबीतूनच का आणायच्या? विनयपिटकात धनिय नावाच्या कुंभारपुत्र भिक्खूची हकीकत आहे. त्याने मातीची कुटी बांधली आणि अख्खी भाजून काढली. लालभडक, टिचकी मारली तर घंटेसारखी वाजणारी. तथागतांनी ती पाडायला लावली, कारण ती भाजताना बारीक जीव होरपळले होते. सुंदर वस्तू कुणाच्या जिवावर झाली, हा प्रश्न इतका जुना आहे. सिरॅमिक कारखान्यांत सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, त्यावर इलाज नाही, आणि मोरबीतले कामगार तो भोगत आले आहेत. हे कामगार बहुतेक आपल्यासारख्याच घरांतले. विहारातल्या गुळगुळीत भिंतीमागे त्यांचा श्वास आहे, हे विसरून मैत्री भावना म्हणता येणार नाही.

इथे कुणी म्हणेल, मग गांधीवादी मार्गाने जा, गावच्या कुंभाराला काम द्या. वर्ध्यात हे ऐकायला मिळणारच. 1936 साली गांधीजी सेगावात राहायला आले, 1937 मध्ये वर्ध्यातच हस्तोद्योगावर आधारित नई तालीमचा विचार मांडला गेला, 1938 मध्ये मगन संग्रहालय उभे राहिले. हातमागाचा, मातीकामाचा सन्मान त्यांनी केला, हे खरे. पण त्याच 1936 साली बाबासाहेबांनी 'जातीचे निर्मूलन' प्रसिद्ध केले आणि दाखवून दिले की जातिव्यवस्था नुसती कामाची विभागणी करत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वर्गवारी लावते. कुंभाराला काम देणे वेगळे आणि कुंभाराच्या पोराने कुंभारच राहावे असे म्हणणे वेगळे. गावच्या कुंभाराकडून आपण टाईल्स घेऊ, मजुरी पूर्ण देऊ, आणि त्याच्या मुलीला कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून पाहू. दोन्ही एकत्र हवे.

याचा राजकीय अर्थही आहे. कुंभार समाज महाराष्ट्रात ओबीसी आहे. ओबीसींसाठी 340 वे कलम संविधानात आहे, पण ओबीसी वस्तीत बाबासाहेब अजून 'त्यांचे' आहेत. व्याख्यानांनी ती भिंत फारशी हलली नाही. विहार समिती कुंभारवाड्यात जाऊन म्हणाली की आम्हाला घटिकाराची गोष्ट मातीत करून हवी आहे, तर त्या घरात पहिल्यांदा कळेल की बौद्ध साहित्यात कुंभाराला असे स्थान आहे. आमच्या मते हे शंभर पत्रकांचे काम करील.

करायचे काय?

एक, विहाराच्या सगळ्या भिंती बदलायची गरज नाही. बारा टाईल्सची एक पट्टी पुरे, मुलांच्या नजरेच्या उंचीवर.

दोन, जमिनीसाठी आणि न्हाणीघरासाठी कारखान्याचीच टाईल लागेल, कारण साधी भाजलेली माती पाणी पिते. पण छज्ज्याखालच्या, आतल्या भिंतीवर टेराकोटाच्या पट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. झिलई हवी असेल तर शिसे नसलेली घ्यावी, तिथे लहान मुले हात लावणार आहेत.

तीन, मार्गदर्शन दूर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ग्रामोदय संघ मातीकामासाठी ओळखला जातो. त्याच भद्रावतीत विजासनची बौद्ध लेणी आहेत. युवकांची एक सहल काढली तर लेणी आणि भट्टी दोन्ही एका दिवसात पाहून होतील.

चार, प्रत्येक टाईलखाली गोष्टीचे नाव आणि एका ओळीत तिचा प्रश्न लिहावा. भरहुतच्या कारागिरांनीही चित्राखाली नावे लिहिली होती. उपदेश लिहू नये, प्रश्न लिहावा: 'सर्वांत वडील कोण?' 'जाळे कुणी उचलले?' 'कुंभाराची परीक्षा का घेतली नाही?'

हो, शेवटचा प्रश्न पंचतंत्रातलाच आहे. ती टाईलही लावा. पोरांना निळा कोल्हा दाखवा, हाकललेला कुंभारही दाखवा, आणि शेजारी घटिकार लावा. मग त्यांनाच विचारा, राजा चुकला की कुंभार. आठ वर्षांचे लेकरू याचे उत्तर बिनचूक देते. पुढे कॉलेजात कुणी त्याचे कूळ विचारले, तर ते उत्तर त्याच्या तोंडी तयार असेल.

जयभीम! नमो बुद्धाय!